पाण्याचे वय

ज्येष्ठ वद्यात पालख्या पुणे सोडतात आणि हडपसरला त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला. तोवर मृगाचे एकदोन पाऊस होऊन गेलेले असतात आणि दोन्ही वाटांच्या कडेने पाणी तुंबू लागलेले असते. वडकीकडच्या माळावर कातळाच्या खळग्यांत, फुरसुंगीकडच्या शेतांच्या सखल कोपऱ्यांत, कालव्याच्या पाझराखाली. आणि अलीकडे या सगळ्याहून जास्त, इमारतींच्या पायासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यांत. यातल्या प्रत्येक पाण्याला आपण डबके म्हणतो आणि सगळ्यांना एकच निकाल सुनावतो: इथे डास होणार, बुजवा नाहीतर तेल टाका.

हा निकाल अर्धाच खरा आहे असे माझे मत आहे. डबक्यात डास जन्मतात तसे ते डबक्यातच मरतात, आणि जन्मणाऱ्यांपैकी फार मोठा वाटा पंख फुटण्याआधीच मरतो. कोणत्या पाण्यातून डास उठेल आणि कोणत्या पाण्यात तो अळीच्या रूपातच संपेल हे ठरवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. पण त्यांतली सर्वांत मोठी, आणि आपल्या सर्वेक्षणाच्या तक्त्यांत कधीच न नोंदली जाणारी गोष्ट म्हणजे त्या पाण्याचे वय.

डास हा घाईचा जीव आहे. पावसाळ्यातल्या उबदार पाण्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. अळी चार वेळा कात टाकते, कोषात जाते आणि पाणी सोडते. ताकद, वेग, विष यांपैकी काहीच तिच्यापाशी नाही. तिचे सारे आयुष्य एका हिशेबावर उभे आहे: पाणी साचल्यावर आपण पहिल्यांदा पोहोचायचे आणि बाकीचे येईपर्यंत निघून जायचे. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणारी ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस ही डासाची जात पावसाचे नितळ साठे, कालव्याचे पाझर आणि नुकते खणलेले खड्डे पसंत करते ते याच हिशेबाने. नवे पाणी म्हणजे शत्रू नसलेले पाणी.

बाकीचे येतात, पण सावकाश येतात. काही तर तिथेच असतात, चिखलात झोपलेले. हडपसरच्या आसपासचा माळ बेसाल्टचा आहे. त्याच्या खळग्यातला मातीचा पातळ थर उन्हाळ्यात तडकून भाजून निघतो, तरी त्या मातीत सायक्लॉप नावाचे सूक्ष्म जलचर आपली वाढ थोपवून पडून राहतात आणि कवचधारी सूक्ष्म प्राण्यांची अंडी वर्षानुवर्षे कोरडी राहूनही जिवंत असतात. पहिल्या पावसाने ती जागी होतात. सह्याद्रीच्या पठारांवरच्या अशाच अल्पायुषी डबक्यांतून स्ट्रेप्टोसिफॅलस सह्याद्रिएन्सिस ही परीकोळंबीची नवी जात 2014 साली जगापुढे आली. ही परीकोळंबी डासाची अळी खात नाही. ती पाण्यातले शेवाळाचे कण गाळून खाते, म्हणजे डासाच्या अळीच्या ताटातलेच खाते. उपाशी अळी हळू वाढते, आणि हळू वाढणारी अळी शिकाऱ्याच्या तावडीत जास्त दिवस राहते. स्पर्धक आणि शिकारी असे एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात.

दुसरे येतात ते उडत. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ओळखून पाणकिडे आणि पाणभुंगेरे रात्री-संध्याकाळी नव्या पाण्यावर उतरतात. पावसाच्या वाऱ्याबरोबर पिवळट चतुरांचे थवे येतात. हडपसरच्या मोकळ्या मैदानांवर जून-जुलैत ते डोक्याइतक्या उंचीवरून न थकता घिरट्या घालत असतात. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हे त्यांचे शास्त्रीय नाव. हा चतुर मुख्यतः तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची अळी दीड-दोन महिन्यांत वाढ पूर्ण करते. चतुरांच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे. पावसाळा सरल्यावर हेच चतुर भारतावरून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा सिद्धांत चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडला. आपल्या दाराशी साचलेल्या गुडघाभर पाण्याचे नाते समुद्रापारच्या पावसाशी आहे, हे मला मोठे आश्वासक वाटते.

या शिकाऱ्यांची ओळख आपल्याला नाही याची मला खंत वाटते, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो. सायक्लॉप सर्वांत लहान, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांब. तो फक्त नुकत्याच फुटलेल्या अळीला पकडू शकतो. अळी दोन-तीन दिवसांची झाली की त्याच्या आवाक्याबाहेर जाते. पण मिसोसायक्लॉपसारख्या मोठ्या जातीचा एक प्राणी दिवसात डझनावारी अळ्या मारतो आणि खातो त्याहून जास्त मारतो. त्याच्या हातून सुटलेल्या अळ्यांसाठी पुढचा पहारा असतो तो ॲनिसॉप्स या उताण्या पोहणाऱ्या किड्याचा. पाठ खाली आणि पोट वर करून तो पाण्याच्या मध्यावर तरंगत राहतो. इतर पाणकिड्यांना पृष्ठभागाला किंवा तळाला बिलगावे लागते. याला लागत नाही, कारण याच्या शरीरात हिमोग्लोबिन आहे. त्यात साठवलेला प्राणवायू हळूहळू सोडून तो आपले वजन पाण्याशी तोलून धरतो आणि जिथून अळ्या श्वासासाठी वर-खाली करतात नेमक्या त्याच थरात दबा धरतो. कीटकांमध्ये हिमोग्लोबिन दुर्मीळ. ते इथे, आपण ज्यात रॉकेल ओततो त्या डबक्यात, इतक्या नाजूक कामाला लावलेले आहे.

तळाशी चतुराची अळी असते. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य जवळ आले की तो क्षणार्धात पुढे फेकला जातो. गवताच्या काड्यांना डिप्लोनिकस हा चपटा पाणढेकूण धरून बसलेला असतो. याची मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि ती फुटेपर्यंत नर त्यांना वागवतो, मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा देतो. डासांच्या अळ्यांवर त्याची भूक किती, याचा अभ्यास कलकत्ता विद्यापीठातल्या संशोधकांनी बराच केला आहे. शिवाय पावसाळ्यात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक: इतर बेडकांची पिल्ले बहुधा शेवाळ खरवडतात, याची पिल्ले मांसाहारी असतात. या बेडकांच्या तंगड्या भारतातून परदेशी पाठवल्या जात. 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली. ज्या वर्षांत आपण बेडूक विकत होतो त्याच वर्षांत आपण कीटकनाशके विकत घेत होतो.

शिकारी केवळ खाऊन काम करत नाही, त्याच्या असण्यानेही करतो. इस्रायलमध्ये लिऑन ब्लाऊस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाळी डबक्यांवर दीर्घकाळ काम केले. उताणा पोहणारा नोटोनेक्टा हा किडा ज्या पाण्यात आहे, तिथे कुलिसेटा जातीची डासाची मादी अंडी घालायचे टाळते, असे त्यांना दिसले. तिला ते कळते वासावरून. किड्याच्या अंगातून सुटणारी दोन हायड्रोकार्बन रसायने तिला सावध करतात, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणजे जुन्या पाण्याला स्वतःचा गंध असतो आणि डासाच्या मादीला तो वाचता येतो. ती उडून जाते ती कुठे? जिथे तो गंध नाही अशा पाण्याकडे, म्हणजे नव्या पाण्याकडे.

याच विचाराला जोनाथन चेस आणि टिफनी नाइट यांच्या 2003 च्या अभ्यासाने मोठा आधार दिला. त्यांनी अमेरिकेतल्या पाणथळ जागांचे तीन प्रकार पाहिले: कायम पाणी असलेल्या, दरवर्षी आटणाऱ्या, आणि फक्त दुष्काळातच आटणाऱ्या. कायमच्या पाण्यात शिकारी भरपूर, म्हणून डास कमी. दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात कोरड सोसायला शिकलेले स्पर्धक भरपूर, म्हणून तिथेही डास कमी. डासांचा उद्रेक झाला तो तिसऱ्या प्रकारात, दुष्काळानंतरच्या वर्षी. तिथले जीव कायमच्या पाण्याला सरावलेले होते. एकदा कोरड पडताच ते मेले, आणि पाणी परतले तेव्हा त्यावर डासांखेरीज कुणाचाच हक्क उरला नव्हता. कोरडे पडण्याची सवय असलेले डबके धोकादायक नाही. ज्याची घडी अचानक मोडली ते धोकादायक.

आता हडपसरकडे पाहा. खडकवासल्याच्या कालव्यावर इथे शंभराहून अधिक वर्षे ऊस आणि भाजीपाला पिकला. कालव्याला आवर्तन होते, शेताला पाळी होती, सखल कोपऱ्यातल्या पाण्यालाही आपला काळ होता. ते शेत गेल्या पाव शतकात शहर झाले. शहराला मी दोष देत नाही. लोक राहायला येणार, घरे होणार. पण या बदलाने पाण्याचा काळ मोडला. आज खड्डा खणला जातो, पावसात भरतो, पंपाने उपसला जातो, पुन्हा भरतो, त्यात फवारणी होते, पुन्हा भरतो. प्रत्येक वेळी ते पाणी पहिल्या दिवसाचे होते. जिथे शिकारी पोहोचायला तीन आठवडे हवेत तिथे आपण दर दहा दिवसांनी पाटी कोरी करतो, आणि दहा दिवस हा नेमका डासाचा काळ आहे.

तेल आणि कीटकनाशक यांची अडचण इथेच आहे. टेमिफॉस हे कीटकनाशक अळीला मारते तसे सायक्लॉपलाही मारते. जळके तेल पृष्ठभागावर पसरले की हवेसाठी वर येणारा ॲनिसॉप्स अळीबरोबरच गुदमरतो. औषधाचा जोर ओसरल्यावर डास आठवड्यात परततो, त्याचा शत्रू महिन्यात. या मधल्या तीन आठवड्यांचे पीक कोण काढणार, हे सांगायला नको. देशाने हा धडा मोठ्या पटावर गिरवला आहे. 1947 मध्ये भारतात मलेरियाचे अंदाजे साडेसात कोटी रुग्ण होते. डीडीटीच्या मोहिमेने 1961 पर्यंत तो आकडा पन्नास हजारांच्या आसपास आणला. लाखो जीव वाचले, आणि त्या मोहिमेबद्दल मला आदरच आहे. पण 1976 मध्ये रुग्ण पुन्हा 64 लाखांवर गेले. कारणे अनेक होती: प्रतिकारक्षम झालेले डास, सैलावलेली यंत्रणा, पैशांची टंचाई. औषध एकटे पुरत नाही एवढे मात्र त्यातून निर्विवाद ठरले.

याच हडपसरमध्ये सीरम इन्स्टिट्यूट मलेरियाची आर21 ही लस तयार करते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली आणि आज ती आफ्रिकेतल्या बालकांना दिली जाते. हा अभिमानाचा विषय आहे. पण लस माणसाच्या रक्तात काम करते. तिच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावरचे पाणी जसे आहे तसेच राहते. त्या पाण्याचे काम पाण्यातल्यांनीच करायचे असते.

सायक्लॉपची बाजू घेताना एक जुनी आठवण मात्र टाळता येत नाही. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवतो: पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडे, काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढावा लागे, ऐन पेरणीत माणूस आडवा होई. नारूची अळी सायक्लॉपच्या पोटात वाढते आणि पायविहिरीचे पाणी न गाळता प्यायले की माणसात शिरते. हे रहस्य अलेक्सेई फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने 1870 च्या सुमारास तुर्कस्तानात उलगडले. भारताने नारूचा नायनाट केला तो पाणी कापडातून गाळायला शिकवून, पायविहिरी बंदिस्त करून आणि पिण्याच्या पाण्यातला सायक्लॉप टेमिफॉसने मारून. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. तेव्हा सायक्लॉपला मारणे योग्य होते. आज नारू नाही, आणि तोच सायक्लॉप आपल्या बाजूने उभा राहू शकतो. प्राणी बदलला नाही. आपले त्याच्याशी असलेले नाते बदलले.

ते बदलू शकते हे व्हिएतनामने दाखवले. ताहितीत 1980 च्या सुमारास संशोधकांच्या लक्षात आले होते की मिसोसायक्लॉप असलेल्या भांड्यांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या टिकत नाहीत. व्हिएतनाममध्ये वू सिन्ह नाम आणि ऑस्ट्रेलियाचे ब्रायन के यांनी 1990 च्या दशकात ते गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत सोडले, महिला संघटना आणि शाळकरी मुलांना बरोबर घेऊन. 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालानुसार 37 पैकी 32 वस्त्यांतून एडिस इजिप्ती हद्दपार झाला आणि 2002 नंतर तिथे डेंग्यूचा रुग्ण आढळला नाही. त्याआधी यांगूनमध्ये चतुराच्या अळ्या घरातल्या हौदांत सोडून एडिस घटवल्याचा प्रयोग 1990 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो चतुर, क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, पुण्यातही सर्रास दिसणारा, तांबड्या रंगाचा.

आपल्याकडे मात्र जैविक उपाय म्हटले की गप्पी मासे. विहिरीत, बांधीव हौदात, बंद पडलेल्या खाणीत ते कामाचे आहेत. त्यांचा भाऊबंद गंबुसिया 1928 मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. पण मासा माणसाच्या सोयीने खात नाही. तो सायक्लॉप, चतुराची अळी, बेडकाची अंडी हे सगळे खातो, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींत गंबुसियाची गणना होते. माळावरच्या खळग्यात मासा टिकत नाही हे त्या खळग्याचे भाग्य आहे. मोठा मासा नसलेल्या पाण्यातच छोट्या शिकाऱ्यांचे राज्य उभे राहते. तिथे गप्पी सोडायला जाऊ नये.

शिकाऱ्यांकडून भलत्या अपेक्षाही नकोत. जून 2024 मध्ये पुण्यात एरंडवणे आणि मुंढव्यात झिकाचे रुग्ण सापडले. त्याआधी जुलै 2021 मध्ये दिवे घाटापलीकडे बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण निघाला होता. झिका आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती माळावरच्या डबक्यात वाढतच नाही म्हटले तरी चालेल. त्याला हवे असते आपले घर: उघडे पिंप, कुंडीखालची थाळी, गच्चीवरचा टायर, फ्रीजमागचा ट्रे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. तिथे आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' हाच उपाय, भांडे घासून पुसून. नदीचे दुखणे आणखी वेगळे. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवनगर-खराडीजवळ मुळा-मुठेवर किड्यांचे उंच स्तंभ फिरताना दिसले आणि डासांची वावटळ म्हणून ते चित्रण देशभर गेले. असे स्तंभ न चावणाऱ्या, डासांसारख्या माश्याही करतात. पण जलपर्णीने झाकलेल्या, सांडपाण्याने जड झालेल्या त्या पात्रात क्यूलेक डास सुखाने वाढतो हे सत्य आहे, कारण चतुराची अळी आणि सायक्लॉप तसल्या पाण्यात फारसे टिकत नाहीत. नदीला शिकारी परत हवे असतील तर आधी सांडपाणी थांबवावे लागेल. याला पळवाट नाही.

डासांवरचे आजचे सर्वांत निवडक जैविक औषध, बीटीआय हा जिवाणू, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका आटत्या डबक्यात सापडला. तिथे मेलेल्या अळ्यांचा थर तरंगत होता, म्हणून कुणीतरी वाकून पाहिले. ज्या पाण्याला आपण केवळ उपद्रव समजतो त्यानेच हा उपाय दिला. आणि हा जिवाणू वापरला तर उताणा पोहणारा किडा वाचतो.

म्हणून हडपसर-मुंढव्याच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक विभागाला आणि तिथल्या सोसायट्यांना माझी विनंती आहे. घरातले आणि बांधकामावरचे पाणी आठवड्याला काढून टाका, त्यात कसूर नको. पण वडकीच्या माळावरचे, शेताच्या कोपऱ्यातले, टेकडीच्या उतारावरचे पाणी दिसले तर तेलाचा डबा उघडण्याआधी एका पांढऱ्या भांड्यात ते थोडे घ्या आणि उजेडात पाहा. उताणे पोहणारे किडे, चतुराच्या अळ्या, ठिपक्यांसारखे झटके देत फिरणारे सायक्लॉप दिसले, तर ते पाणी हस्ताच्या पावसापर्यंत तसेच राहू द्या. नुसत्या अळ्याच दिसल्या तर बीटीआय टाका आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. सर्वेक्षणाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: पाणी कधी साचले, आणि त्यात आणखी कोण आहे.